आठवा नट

टण्...

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज झाला. बटणांचा डबा तिच्या मांडीवरून कलंडला. बटणं बिचारी बिनबोभाट सतरंजीवर पसरली; पण त्यांच्यातलं एक जड काहीतरी सतरंजी ओलांडून थेट फरशीवर गेलं, टणटणलं, गोल गोल फिरलं आणि पलंगाच्या पायाशी जाऊन निजलं. पलंगावर ठकीने कूस बदलली. ठकीच्या आईने श्वास रोखून धरला. ही पाच वर्षांची पोर एकदा उठली की दुपार संपलीच म्हणायची... ठकीने अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली.

आईने हळूच वाकून ते उचललं. सहा कडांचा, करड्या रंगाचा, बोराएवढाही नसलेला एक नट.

"अगं बाई," ती स्वतःशीच पुटपुटली, "तू इथे होय!"

ठकीच्या फ्रॉकचं बटण राहिलं बाजूला. नट तळहातावर घेऊन ती तशीच बसून राहिली... आणि बघता बघता सात वर्षं मागे गेली.

तेव्हा ती अप्पांच्या दुकानात बसायची. अप्पा म्हणजे तिचे वडील, सगळ्या पेठेचे टेलर मास्तर. पुढे दुकान, मागे अंगण, आणि अंगणात अप्पांची ती जुनी मोटार. गोल दिव्यांची, फुगऱ्या गालांची, तीन वर्षं जागची न हललेली. अप्पांनी तिला अंगासरशी खोळ शिवली होती, बाजूच्या आरशांना कानटोपीसारखे कान काढून. आई म्हणायची, "मला ब्लाउज इतक्या मापात शिवला नाही कधी!"

एका सकाळी दुकानाच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"चिंध्या आहेत का हो तुमच्याकडे?"

ती मशीनवर वाकलेली होती. मान वर न करताच म्हणाली, "इथे कपडे शिवतात. फाडत नाहीत."

"फाडा असं कुठे म्हणालो? उरल्यासुरल्या द्या. पण सुती हव्यात, धुतलेल्या, आणि कडा दुमडलेल्या. धागा सुटता कामा नये."

आता मात्र तिला मान वर करावीच लागली. चिंधीला कड दुमडून मागणारं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"कशाला? बाहुलीला अंथरूण करायचंय?"

"इंजिनाला हव्यात," तो गंभीरपणे म्हणाला. "इंजिनाचं तोंड उघडं राहिलं की त्यात काय वाटेल ते पडतं. म्हणून बोळे कोंबायचे. उघड्या तोंडाला बोळा हवाच..." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ओठ मुडपले. "इंजिनाच्या म्हणतोय हं मी."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिने कातरणाच्या टोपलीतून चार तुकडे काढले, खटाखट कडा मारून दिल्या. तोवर त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे, अंगणाकडे गेली होती.

"ती... ती खोळीखाली आहे, ती जिवंत आहे?"

तो पलीकडच्या गॅरेजमधला मिस्त्री. डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावऱ्याच म्हणत. अप्पांनी खोळ काढली, त्याने बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांत दुखणं सांगितलं. मॅनिफोल्डला तडा गेला होता. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या चार तोंडांना हवा-पेट्रोल भरवणारी, बोटांसारखे फाटे फुटलेली नळी. तड्यातून फुकटची हवा आत शिरायची आणि इंजिन गुदमरायचं.

"हा कंपनी आता करत नाही, मास्तर. पण दूर एक जण आहे, हौसेने ॲल्युमिनियमचे ओततो. मागवू?"

अप्पांनी नाक मुरडलं. "परक्याने काढलेलं माप. अंगाला बसायचं नाही."

"तयार शर्ट घेतला तरी थोडा आत घ्यावाच लागतो की! आपण घेऊ ना... हिला आत-बाहेर."

अप्पा खळखळून हसले. ज्याने अप्पांना शिवणकामाच्या भाषेत जिंकलं, त्याला त्यांनी कधी घराबाहेर काढलं नाही.

पार्सल आलं. गॅरेजला सुट्टी फक्त रविवारी, म्हणून काम रविवार-रविवार चालायचं. पहिल्या रविवारी जुना मॅनिफोल्ड निघाला. गंजलेले आठ नट तेल पाजून, लाडीगोडी लावून त्याने सोडवले आणि आईच्या कपाची बशी मागून तिच्यात ठेवले.

"एक, दोन, तीन..." तो मोठ्याने मोजायचा. "आठ काढले, आठ लागले पाहिजेत. आमच्या उस्तादांचा नियम. इंजिनाच्या तोंडाशी काम असलं, की मोजल्याशिवाय झाकण लावायचं नाही."

"आणि मोजणी चुकली तर?"

"तर जेवायचं नाही."

मग इंजिनाच्या चारही तोंडांत तिने शिवलेले बोळे गेले. कडा बघून तो म्हणाला, "छोट्या मास्तर, असे बोळे घालायचे म्हणजे इंजिनाला लाज वाटेल." छोट्या मास्तर! त्या दिवसापासून तेच तिचं नाव झालं.

पुढच्या रविवारी जुन्या गॅस्केटची, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या कागदी पट्टीची, पापुद्र्यासारखी खरवड. त्याच्या पुढच्या रविवारी कळलं, अप्पा म्हणाले ते खरं होतं. नव्या मॅनिफोल्डची भोकं इंजिनाच्या भोकांवर तंतोतंत बसेनात. त्याने खिसे चाचपले, खूण करायला काही नव्हतं. तिने कानामागचा खडू काढून दिला. निळा, कपडे बेतायचा. धातूवर त्याची रेघ काय सुरेख उठली!

"किती घासायचं?" तिने विचारलं.

"अर्धा सूत. इंचाचा सोळावा भाग."

"मी बघते." ती वाकली. तोही वाकला. दोघांची डोकी बॉनेटखाली, पेट्रोलच्या आणि गरम लोखंडाच्या वासात, अगदी जवळ... "अर्धा नाही, पाव सूत," ती म्हणाली.

त्याने टेप लावून पाहिलं. पावच होता.

"तुमचे डोळे फार धोकादायक आहेत," तो कानस चालवत म्हणाला.

"सुताचं म्हणताय ना?"

"...हो, सुताचंच."

आणि कानस चालवता चालवताच, जणू बोल्टचं माप सांगावं तसं त्याने सांगितलं. जुन्या मोटारी नव्या करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. फार दूर. पुढच्या रविवारी हे काम आटपलं, की चारच्या बसने निघायचं, सोमवारी सकाळी हजर व्हायचं. "उशीर चालत नाही तिथे. जागा एकच आहे, मागे रांग."

"छानच की," ती म्हणाली. तिच्या हातातला खडू मोडला.

तो आठवडा कसा गेला, तिचं तिलाच ठाऊक. दोन शर्टांच्या बाह्या तिने उलट्या जोडल्या. अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्या उसवून ठेवल्या.

रविवारी अकराला मॅनिफोल्ड बसला. बोळे काढून त्याने मोजले. चार. मग एकेक नट. बशी बॉनेटच्या कडेला होती आणि तिच्यात शेवटचा एक नट उरला होता. आईने चहासाठी हाक मारली. तो हात पुसत आत वळला... आणि तिने तो नट उचलून एप्रनच्या खिशात टाकला.

तिने ठरवून काही केलं नव्हतं. तिला एवढंच वाटलं, रविवारी दुकानं बंद, नट उद्याच मिळणार, एक दिवस. फक्त एक दिवस!

तो परत आला. बशी पाहिली. वाकून जमिनीवर पाहिलं. आणि त्याचा चेहरा उतरला.

"आत पडला," तो हळूच म्हणाला. "बोळे काढले आणि मॅनिफोल्ड लावला, त्या मधल्या वेळात. नक्की आत गेला."

"अहो, बाहेर कुठेतरी असेल... उद्या दुसरा आणू..."

"नाही, छोट्या मास्तर. आत असेल आणि मी चावी फिरवली, तर पिस्टनचा चुरा होईल. अप्पांची गाडी आहे ही."

लावलेले सातही नट त्याने पुन्हा सोडले. मॅनिफोल्ड ओढून काढला. त्याबरोबर नवं गॅस्केट टर्रकन फाटलं. तारेला लोहचुंबक बांधून तो एकेका तोंडात घालत राहिला. दोन वाजले. तीन. 'माझ्याकडे आहे' एवढे दोन शब्द! दहा वेळा ते तिच्या ओठांपर्यंत आले आणि दहा वेळा परत फिरले. साडेतीनला अप्पा म्हणाले, "अरे, तुझी बस!"

"मोजणी चुकलीय, अप्पा," तो मान वर न करता म्हणाला.

चार वाजून गेले. तिला भडभडून आलं. काय होईल ते होवो म्हणून तिने खिशात हात घातला, नट मुठीत धरला, तोंड उघडलं—

"सापडला!" तो ओरडला.

त्याच्या डाव्या हाताच्या चिमटीत एक नट होता.

ती बघतच राहिली. तिच्या मुठीत एक नट होता, त्याच्या चिमटीत एक. आणि इंजिनाच्या पोटातून निघालेल्या त्या नटाला तेलाचा थेंबसुद्धा लागलेला नव्हता.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. फाटलेलं गॅस्केट तेवढं उचललं. "हे मात्र नवं लागेल. कागद मागवायला चार-सहा दिवस जातील. आणि कापायला..." आता त्याने पाहिलं. "कापाल तुम्ही?"

तिने कापलं. अप्पांच्या मोठ्या कात्रीने, एका दमात, एकही कड न चुकवता. पुढच्या रविवारी आठ नट लागले आणि गाडी एका चावीत सुरू झाली. अप्पा डोळे पुसायला घरात गेले. इंजिन संथ, ओठांतल्या ओठांत गुणगुणत होतं.

त्याने रबरी नळीचा एक तुकडा घेतला. एक टोक मॅनिफोल्डच्या सांध्याशी धरलं, दुसरं तिच्या हातात दिलं. "कानाला लावा. कुठे हवा शिरतेय का बघा. शिट्टीसारखं ऐकू येईल."

तिने लावलं. "काही ऐकू येत नाही."

"म्हणजे बसला. परक्याचं माप होतं, तरी बसला." मग त्याने सांध्यावरचं टोक उचललं आणि स्वतःच्या तोंडाशी नेलं. तिच्या कानात, अगदी आत, कुणी उशीशी कुजबुजावं तसं ऐकू आलं... "मी जात नाहीये. इथेच गॅरेजची शेड टाकतोय. चालेल?"

तिने नळी कानापासून काढली. तोंडाशी नेली. तो घाईघाईने आपलं टोक कानाला लावायला गेला आणि गडबडीत कानाखाली काळा फराटा ओढून बसला.

"चालेल," ती नळीत म्हणाली. "पण आधी तोंड धुऊन या."

कारखान्यातली ती जागा रांगेतल्या दुसऱ्याला मिळाली. त्यानंतर त्याने त्या जागेचं नावही काढलं नाही. तिनेही नटाचं नाव काढलं नाही. मग लग्न झालं, शेड झाली, ठकी झाली. दोन वर्षांपूर्वी अप्पा गेले आणि मोटार इकडे आली...

पीप्-पीप्!

ती दचकली. दारात तीच मोटार उभी होती आणि ठकी टक्क जागी! "हे काय आहे?" म्हणत तिने आईच्या हातावरचा नट झडप घालून उचलला आणि बाहेर धूम ठोकली. "बाबा! नट सापडला!"

ती मागोमाग धावली, पण उशीर झाला होता. डावऱ्याने नट चिमटीत धरून उजेडात फिरवला. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. तिचे तर आधीच झाले होते.

"बाबा, हा गोष्टीतला का? गाडीने गिळलेला? तुम्ही पोटातून काढलात तो?"

ही गोष्ट तो ठकीला रोज झोपताना सांगायचा.

"तो... तो तर लावला ना आपण," तो घसा साफ करत म्हणाला.

"मोजू?"

उस्तादांचा नियम पोरीला पाठ होता. त्याला बॉनेट उघडावंच लागलं. त्याने तिला कडेवर उचललं. ठकीने इवलंसं बोट एकेका नटावर टेकवलं. "एक... दोन... तीन..." आठव्यावर बोट थांबलं. तिने हातातल्या नटाकडे पाहिलं, मॅनिफोल्डकडे पाहिलं, पुन्हा हातातल्या नटाकडे पाहिलं. कपाळाला आठी घातली. अगदी बापासारखी.

तो तिच्या डोक्यावरून बायकोकडे बघत होता. बायको त्याच्याकडे. सात वर्षांनी दोघांनाही एकाच वेळी हसू फुटायच्या बेतात होतं...

"आई," ठकी म्हणाली, "हा तुझ्याकडे होता, तर मग बाबांना सापडला तो कुठला होता?"