गोड्याचा डबा

सन १९९४, मे महिना, वैशाखाचा शुद्ध पक्ष. पेणच्या खाडीकाठी मिठाचा हंगाम संपत आला होता आणि पाऊस येण्यापूर्वी राशी हलवायच्या म्हणून मिठागरवाल्यांची घाई चालली होती. आमचा एकच मालट्रक होता. यजमानांच्या पश्चात तो मीच चालवीत असे. म्हणजे चाक ड्रायव्हरच्या हाती आणि कारभार माझ्या. पेणहून मीठ भरायचे, नागोठणे मागे टाकून भिसे खिंडीने रोह्याला जायचे आणि धाटावच्या एका कारखान्यात उतरवायचे, एवढाच त्याचा रस्ता. मी जुनी मॅट्रिक आहे. गाडीतले मला कळत नाही, असे म्हणण्याची सोय मी कोणाला ठेवली नव्हती.

त्या दिवशीचे काम अगदी साधे होते. ट्रकचा ऑइल कूलर चोंदला होता. इंजिनातले तापलेले तेल ज्या पेटीतून फिरताना पाण्याने निवते, ती ही पेटी. ती चोंदली की तेल निवत नाही, इंजिन तापते आणि शेवटी जाम होते. महिन्याभरात ही तिसरी खेप होती; आधी दोनदा पेणलाच तो वरवर धुऊन घेतला होता. ड्रायव्हर पुंडलिक पाणी घालण्यात हयगय करतो, असा माझा संशय होता. म्हणून रोह्याच्या बाबाजी मेस्त्रीकडून कूलर माझ्या देखत उघडवायचा, असे ठरवून मी स्वतः निघाले.

"कुठले पाणी घालतोस?" मी अंगणात विचारले.

"तुमच्याच आडाचं, काकी. आज तुमीच बघा."

तीन कळशा माझ्यासमोर आत गेल्या. प्रत्येकीतला थेंब मी जिभेवर घेऊन पाहिला. पाणी पिण्याचेच होते.

"आता इंजिनबी चाखून घ्या," पुंडलिक तोंडातल्या तोंडात म्हणाला. मी ऐकले आणि गाडीत चढले. त्याला रागावण्याचा अधिकार माझ्यापाशी कितपत उरला होता, हे मला एकटीला ठाऊक होते.

पुंडलिक हा सगुणाचा पाठचा भाऊ, आणि सगुणा ही आमच्या आधीच्या ड्रायव्हरची, हिरामणची, विधवा. फाल्गुनात, होळीच्या आधल्या आठवड्यात, हाच ट्रक घेऊन हिरामण भिसे खिंड चढत होता. ऐन चढावर इंजिन जाम झाले. इंजिन बंद पडले की ब्रेकची हवा भरत नाही. भरलेली गाडी मागे घरंगळली आणि दरीत कलंडली. हिरामण पिऊन चालवीत होता, असे लोक म्हणाले. मी ते ऐकून घेतले. ट्रक दुरुस्त होऊन आला तेव्हा सगुणेने भावाला पुढे केले, कारण घरात दुसरा मिळवता नव्हता. तिला नवरा तर नव्हताच; आता भाऊही त्याच चढावर रोज जात होता.

खिंडीच्या पायथ्याशी इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढू लागला. मधल्या वळणावर इंजिनाचा आवाज जड झाला आणि पुंडलिकने गाडी कडेला घेऊन मागच्या चाकांना दगड लावले.

"हितंच," तो म्हणाला. "दर येळी हितंच, काकी. निवू द्या. मी खालच्या झऱ्याचं पानी आनतो."

तो दिसेनासा झाला. बारा वाजले असतील. ऊन टळटळीत होते; सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा झाली होती. पाखरू बोलत नव्हते. तापलेल्या पत्र्याचा टिक् टिक् असा आवाज तेवढा येत होता, आणि तोही हळूहळू थांबला. मग वास आला. प्रथम जळक्या तेलाचा, आणि त्याच्या आडून ओल्या, खाऱ्या चिखलाचा. मिठागराच्या बांधावरून चालताना येतो तसा. खाडी तर कित्येक कोस मागे राहिली होती.

माझ्या बाजूच्या दाराखाली कोणीतरी उभे होते. मी मान वळविली नाही. पायरीवर वजन पडल्यासारखा ट्रक किंचित कलला, आणि अगदी हळू, अदबीने, कामाचे विचारावे तसा आवाज आला…

"काकी… गोड्याचा डबा कंचा?"

मी पदर मुठीत धरला.

"यात काय हाय, काकी?…"

पुंडलिक हंडा घेऊन वर आला तेव्हा माझ्या हातातल्या पदराचा पिळा झाला होता. दाराखाली कोणी नव्हते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि रेडिएटरचे झाकण फडक्याने धरून उघडले.

"तुमालाबी इचारलं व्हय?" पाणी ओतता ओतता तो म्हणाला. "मला रोज इचारतो. मी काय सांगू? मला ठावंच नाय, तो कंच्या डब्याचं म्हनतो."

मला ठाऊक होते. ते येथे लिहिणे भाग आहे.

आमच्या घरी दिवेलागणीनंतर मिठाला मीठ म्हणत नसत. लक्ष्मीची वेळ, तेव्हा ते नाव घेऊ नये, 'गोडे' म्हणावे, अशी सासूबाईंची शिस्त. ती मी त्यांच्याहून कडक पाळली. त्या फाल्गुनात मी कैऱ्या खारवण्यासाठी मिठागरावरून दाट खारवणी, म्हणजे मिठाचे पाणी, आणवली होती. ती एका डब्यात होती आणि शेजारच्या डब्यात पिण्याचे पाणी. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावीत होते. पहाटे निघायचे म्हणून हिरामण गाडीत पाणी भरत होता. ओट्यावरून त्याने हाक दिली, "काकी, यात काय हाय?" मी वळून पाहिले. खारवणीच्या डब्यावर त्याचा हात होता. समोर ज्योत होती. मी म्हणाले, "गोडे आहे."

खाडीकाठच्या माणसाला गोडे म्हणजे एकच: पिण्याचे पाणी. खाऱ्याच्या उलट ते गोडे. त्याने विश्वासाने तो डबा ओतला. दुसऱ्या दिवशी मला डबा रिकामा दिसला आणि दुपारी खिंडीतली बातमी आली. मी डबा घासून पालथा घातला. दारूचे बोलणे ज्यांनी काढले त्यांना मी थांबविले नाही.

रोह्याला बाबाजी मेस्त्रीने कूलर सोडवला. आतली जाळी पांढऱ्या खड्यांनी गच्च भरली होती. त्याने एक खडा नखाने काढून जिभेला लावला आणि थुंकला.

"काय रे पुंडलिक, गाडीला लोनचं घालतोस काय?"

"आईशपथ आडाचं पानी हाय! काकींनी चाखून घातलंय!"

बाबाजीचे हसू मावळले. तो माझ्याकडे वळला. "काकी, हिरामणच्या येळीबी मी हेच काढलं व्हतं. तुमाला बोललो व्हतो. तुमी म्हनलात, जुन्या गाडीत काय वाटेल ते निघतं." त्याने हात पुसले. "मी साफ करून देतो. रॉकेलात बुडवीन, हवा मारीन. पन हे पुन्यांदा भरलं आनि चढावर जाम झालं, तर ह्या पोराचं काय व्हईल ते मी सांगायला नको."

परतताना मी गाडी घराकडे नेऊ दिली नाही. खाडीकडच्या वस्तीवर सगुणेच्या दारी उतरले. दिवेलागण झाली होती. सगुणा कंदिलाची काच पुसत होती.

"या गो काकी," ती म्हणाली. "पुंडलिक बरा हाय ना?"

मी उभ्यानेच सांगितले. डबा, ज्योत, प्रश्न, उत्तर. आणि त्या वेळी, दिव्यासमोर, आयुष्यात प्रथम तो शब्द उच्चारला. "मीठ होते, सगुणा. मी मीठ म्हणाले नाही."

शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या होत्या. सगुणेने काच खाली ठेवली.

"दोन महिनं," ती म्हणाली. "दोन महिनं माझ्या तोंडावर बोलतात, तुझा नवरा पिऊन मेला. माळ होती त्याच्या गळ्यात, काकी. वास सहन व्हत नव्हता त्याला दारूचा." मग काच पुन्हा हातात घेऊन, "मला नका सांगू. इचारतोय तो. त्याला सांगा."

रविवार, २२ मे. भरलेला ट्रक घेऊन आम्ही तिघे निघालो. पुंडलिक चाकावर, मध्ये सगुणा, कडेला मी. निघण्यापूर्वी मिठागराच्या बांधावर, पाट्या उचलणाऱ्या सगळ्या माणसांसमोर, मी हिरामणच्या माथ्यावरचा आळ उतरवला. एक म्हातारा माझ्या पायांपाशी थुंकला. ते योग्यच होते.

मधल्या वळणावर काटा चढला. गाडी थांबली. पुंडलिक दगड लावायला उतरला. तोच वास आला, आणि दाराखालून तोच अदबीचा आवाज…

"काकी… यात काय हाय?"

मी दार उघडले, पायरीवर उभी राहिले आणि डोळे मिटून घेतले. "मीठ आहे, हिरामण. ओतू नकोस. चूक माझी होती, तुझी नव्हे." एवढेच, एकदाच. पायरी किंचित वर उचलल्यासारखी वाटली. वारा सुटला. डोळे उघडले तेव्हा काटा खाली येत होता.

गाडी खिंड चढून गेली. रोह्याला बाबाजीने कूलर पुन्हा उघडला. जाळी लख्ख होती. तेल मधासारखे स्वच्छ. "झालं," तो म्हणाला. "ह्याच्यावर आता दहा वर्सं जातील." पुंडलिक खाली बसला आणि गुडघ्यांत डोके घालून लहान मुलासारखा रडला. तो जगणार होता. प्रकरण त्या दिवशी मिटले, असे मी आजही म्हणते.

सगुणा गॅरेजच्या बाकावर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हते, समाधानही नव्हते.

"काकी," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुमी डोळे का मिटलेत?"

"धीर झाला नाही."

"मी बघत व्हते. तुमी बोललात, आनि तो निघाला. पाठ फिरवली त्यानं… पन त्या बाईनं त्याचा हात सोडला नाय."

"कोणत्या बाईने?"

"रस्त्याच्या पल्याड हुबी व्हती ती. तो तिच्यापतूर गेला, आनि तिनं हात धरला. त्याला जाऊ देत नव्हती."

"ओळखीची होती का?"

सगुणेने माझ्याकडे पाहिले. माझ्या लुगड्याचे काठ, हातातल्या पाटल्या, केसांची गाठ, सगळे नीट न्याहाळले. एखाद्या गोष्टीशी ताडून पाहावे तसे.

"तोंड तर तुमचंच व्हतं," ती म्हणाली.