चाक न काढता

"पुढचं चाक काढा की, मावेल."

दुइतामाच्या गाड्यांच्या बाजारात त्या शनिवारी हे वाक्य मी पाचव्यांदा ऐकलं आणि पाचव्यांदा माझे कान तापले.

सायकलीचं चाक काढता येतं, मला ठाऊक आहे. पण का काढू? पलंग विकणारा गिऱ्हाइकाला सांगतो का, पाय काढून ठेवा म्हणजे मावाल? माझी उंची सहा फुटांना बोटभर कमी. सायकलही माझ्या मापाची. तिची फ्रेम घडवायला कारागिरानं पाच महिने घेतले आणि ती वाकवायला माझ्या भावानं, विल्मरनं, पाच सेकंद. ती टपावर बांधलेली आहे हे विसरून हा गडी फाटकाच्या कमानीखालून सुसाट आत शिरला. वर कडाड वाजलं, तेव्हा खाली उतरून मला म्हणतो कसा, "लिबिया, ही कमान फारच बुटकी आहे गं."

सायकल कशीबशी सरळ झाली. मी मात्र तेव्हाच ठरवलं— गाडी माझी, सायकल आत, आणि अख्खी. डोंगरावरच्या पावसात ऐंशी किलोमीटर चालवून आलं की बोटांची लाकडं होतात. त्या बोटांनी मी चाकं उकलत बसणार नाही.

पण ऐकतंय कोण? एकानं विचारलं, नवरा कधी येणार गाडी बघायला. दुसऱ्यानं खेळण्याएवढी लाल गाडी दाखवली, "मुलींना हीच आवडते." तिसरा तर हसलाच. गाडी घेतल्यावर सायकल कशाला लागते म्हणे. ज्या खोऱ्यात दूधवाला, पाद्री आणि नगराध्यक्ष तिघंही रविवारी सायकलवर घाट चढतात, तिथं हे मला ऐकवतो.

भुरभुर पाऊस सुरू झाला होता. सायकल शेजारी टेकवून मी सहाव्या गाडीच्या डिकीत कमरेपर्यंत शिरून टेप धरली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं,

"शून्याचं टोक सुमर्सेच्या हातात आहे. दुसऱ्या टोकानं मोजताय."

आमच्याकडे 'आपण' म्हणायच्या जागी आईलाही सुमर्से म्हणतात, पाववाल्यालाही आणि ज्याचा गळा धरायचा त्यालाही. मी गळा धरायच्या बेतानंच वळले. मागे लोकरीचा जाडा रुआना पांघरलेला एक तरुण उभा होता. हातात चीजचा गरम पाव, त्याची वाफ पावसात मिसळत होती. डोळे मात्र… जाऊ दे. डोळ्यांचं मी तेव्हा काही पाहिलं नाही, असं मी आईला सांगितलंय.

"मला मोजता येतं," मी म्हटलं.

"दिसलं. ही गाडी आता शून्य मीटर लांब निघाली."

"तुम्हीही सांगा, चाक काढा म्हणून. तेवढं राहिलंय."

"चाक?" त्यानं सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, वरपर्यंत. घाईनं नाही. घाट चढणारा माणूस शिखराकडे पाहतो तसं. "छे. जे अख्खं आहे ते अख्खंच न्यावं."

त्या बाजारात शहाणपणाचं वाक्य ते पहिलंच. मग, आमच्या डोंगरातल्या पोरांना जागच्या जागी दोन ओळी जुळवून डिवचायची खोडच असते, पाव चावता चावता त्यानं चाल लावली—

*उंच तिची सायकल, उंच तिचं नाक,*
*दोन्ही मावती गाडीत, जरा खाली वाक.*

अशा वेळी उत्तर दिलं नाही तर हरलो असं समजतात. मी हरत नाही.

*गाडी तुझी लांब रे, जीभ त्याहून लांब,*
*आधी दार उघड, मग बोलायला थांब.*

शेजारचे दोन विक्रेते खो खो हसले. त्याचे कान लाल झाले— आणि मला, खरं सांगू, फार बरं वाटलं.

त्याचं नाव एलिसेओ, तिबासोसा गावचा. बाजाराच्या अगदी टोकाला, भिंतीकडे तोंड करून त्याची गाडी उभी होती. राखाडी, जुनी, पाठ लांबच लांब. आजूबाजूला एकही गाडी लावलेली नव्हती. त्यानं मागचं दार उघडलं. आत बाकं नव्हतीच. सपाट भुई आणि तिच्यावर दोन ओळींत लाकडी रूळ. सायकल जराशी कलती करून मी नुसती टेकवली, तर ती सुळ्ळकन आत गेली. दोन्ही चाकांसकट. वर हातभर जागा शिल्लक.

"हे रूळ कशाला?"

"माल सरकवायला."

"कसला माल?"

तो थबकला. टोपीच्या कडेवरून एक थेंब लोंबत राहिला.

"जड असतो," तो म्हणाला. "पण तक्रार करत नाही."

"बटाटे," मी म्हटलं.

तो हो म्हणाला नाही. नाही… असंही म्हणाला नाही. "आठ दिवस चालवून बघा," एवढंच बोलला. मी हात पुढे केला. त्यानं तो जपून धरला, जरा जास्त वेळ धरला, आणि सोडल्यावर स्वतःच्या तळव्याकडे पाहत राहिला.

रविवारी मी राणी होते. सायकल मागे अख्खी झोपलेली, खिडकीतून ओल्या निलगिरीचा वास येत होता. आणि लोक… काय सांगू. तिबासोसाच्या वळणावर म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. शेतातल्या बाया उभ्या राहिल्या, छातीवर क्रूस केला. सायकलस्वारांचा अख्खा जथा कडेला थांबला, मला वाट दिली. मला वाटलं, शिकले एकदाचे. उंच बाईला मान कसा द्यायचा ते या खोऱ्याला कळलं. मी हात हलवून सगळ्यांना हसले. पाववालीनं पैसे घेतले नाहीत. माझा हात दाबून म्हणाली, "धीर धर, पोरी." पुढच्या महिन्यातल्या माझ्या शर्यतीसाठी म्हणत असेल असं समजून मी म्हटलं, "धीर कसला, मी तर वाटच बघतेय."

तिचा चेहरा मला अजून आठवतो.

घरी गाडी दारात लावली. आई बाहेर आली आणि उंबऱ्यातच थिजली. तिचं माहेर तिबासोसा.

"हिच्यातून तुझ्या आजोबांना नेलं," ती म्हणाली. "हिच्यातून रोसालिया मावशीला नेलं. लिबिया, तू शववाहिका घेऊन आलीस?"

पाठोपाठ शेजारची ओतिलिया सूपाचं पातेलं घेऊन आली आणि हळूच विचारू लागली, कोण गेलं?

कोण गेलं? माझी अक्कल गेली.

सोमवारी मी शिकवते ती शाळा सुटल्यावर मी तिबासोसा गाठलं. चौकामागे त्याच्या घरच्यांचं दुकान. भिंतीला लावून शवपेट्या उभ्या केलेल्या आणि एलिसेओ एकीच्या पितळी कड्या पुसत बसलेला. मला पाहून उठला. हसायला गेला, पण माझा चेहरा बघून हसू परत ठेवलं.

"बटाटे," मी म्हटलं.

"मी बटाटे म्हणालो नव्हतो."

"बटाटे नाहीत, असं म्हणालात का?"

"नाही."

"मी लोकांना हात हलवत गेले. हसत. लोक रडवेले होऊन बघतायत आणि मी दात काढतेय. या खोऱ्यात माझं नाव काय पडलं असेल, माहितेय?"

"माहितेय," तो म्हणाला. "हसरी विधवा."

आणि त्याच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. माझाही हलणार होता. मी हलू दिला नाही.

"का लपवलंत? गाडी खपावी म्हणून?"

"नाही. तीन वर्षं उभी आहे ती, अजून तीन वर्षं राहिली असती." त्यानं फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "धंदा कळला की लोक माझ्याशी मिळवलेला हात धुतात. समोर नाही, जरा आडोशाला जाऊन. शाळेत असल्यापासून बघतोय. तुम्ही हात दिला आणि त्याच हातानं केस मागे सारलेत. मला वाटलं… आठ दिवस असंच राहू दे. आठच दिवस."

हात धुणाऱ्या साऱ्या गावाचा राग आला. पण त्याच्यावरचा राग त्यानं उतरला नाही. उलट नेमका कळला.

"तुम्हीही त्यांच्यातलेच," मी म्हटलं. "विक्रेत्यांना वाटतं, मला काय हवं ते त्यांना कळतं. भावाला वाटतं, कमान त्याला कळते. आणि तुम्ही ठरवून टाकलंत, मला काय सोसेल नि काय नाही. मी हात धुतला असता का? तुम्हाला माहीत नाही. मलाही माहीत नाही. विचारायची संधी दिलीत कुठे?"

त्यानं फक्त मान हलवली. मला बोलणारा आवडला असता, भांडता तरी आलं असतं. किल्ली पेटीवर ठेवली, गाडीतून सायकल काढली आणि पावसात घाट चढून घरी आले. आयुष्यात इतक्या वेगानं मी तो चढ कधीच चढले नव्हते.

पुढच्या शनिवारी पुन्हा बाजार, पुन्हा टेप. दोन गाड्या मोजल्या. एकीत हँडल अडलं, दुसरीत विक्रेता.

टोकाची राखाडी गाडी या वेळी भिंतीकडे पाठ करून उभी होती, तोंड बाजाराकडे. काचेवर पांढऱ्या रंगात हातभर अक्षरं— *शववाहिका. एकोणीस वर्षं वापरलेली. मोठी सायकल चाक न काढता मावते. विचाराल ते सांगेन.* बाजूला एलिसेओ, उघड्या डोक्यानं, भिजत. लोक वाचत होते आणि वळसा घालून जात होते. एका आईनं लेकराला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं. तो ते सगळं बघत होता आणि जागचा हलत नव्हता.

मला इतका राग आला— त्या वळसा घालणाऱ्यांचा— की मी सरळ बाजाराच्या मधोमध सायकल ढकलत त्याच्यापाशी गेले.

"किती जणांना नेलं हिनं?"

"मोजले नाहीत. वडिलांच्या वहीत आहेत."

"इंजिन कधी उघडलं?"

"दोनदा. दुसऱ्यांदा मीच. एक नट उरला होता. कुठला ते अजून कळलेलं नाही."

"माझे आजोबा?"

"पाऊस होता. चौकात गाडी रुतली, लोकांनी ढकलली. मी आठ वर्षांचा होतो, मीही ढकलली." त्यानं कपाळावरचं पाणी निपटलं. "एक लांब ढांगांची मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. ढकलत होती आणि मोठ्या माणसांना ओरडत होती, नीट ढकला म्हणून. ती कोण ते मला सोमवारी कळलं. तुमच्या रागावरून."

मला ते आठवत नव्हतं. पण असेन. मीच असेन.

"गाडी घेतली," मी म्हटलं. "तुमचं अजून ठरलेलं नाही."

"बरं."

"सायकल मी मागे सरकवते, तुम्ही बसा आत. चालवणार मी. आधी आईकडे जायचं. तुमचा धंदा काय ते तुमच्या तोंडून तिला सांगा. मग ती काय बोलायचं ते बोलेल. त्यानंतर मला काय वाटतं ते मी सांगेन. याच क्रमानं. मध्ये बोलायचं नाही."

"बरं," तो म्हणाला आणि बसला. गुडघे छातीशी आले बिचाऱ्याचे. आसन माझ्या मापाला मागे सारायला हवं हे त्याला सुचलं होतं, स्वतःचं मात्र तसंच राहिलं होतं.

पुलापर्यंत गेलो. तो खरोखर एक शब्द बोलला नाही. काचेवरची अक्षरं उलटी दिसत होती, पावसात हळूहळू ओघळत होती. बाजूला त्याच्या ओल्या लोकरीचा वास, आणि मागे रुळांवर सायकलीचं चाक आपलं आपण सावकाश फिरत होतं… टिक, टिक, टिक.

पूल ओलांडला आणि मी गाडी कडेला घेतली.

"आईचं घर तर अजून—" तो म्हणाला.

"माहितेय मला घर कुठे आहे. क्रम माझा आहे. मी बदलला."

आणि मला काय वाटतं ते मी त्याला तिथंच, निलगिरीखाली, सांगून टाकलं.

आईकडे पोचायला आम्हाला बराच उशीर झाला.