तीस किलोचा गोटा

माधवीला राज्याच्या कबड्डी संघात जायचं होतं आणि निवड चाचणीला तीनच आठवडे उरले होते. चढाई तिची झकास, पण एकदा पाय धरला गेला की खेळ खलास. तिला कबड्डी शिकवणाऱ्या लोणावळ्याच्या सरांनी सांगितलं, "वजन घेऊन लंजेस मार." वजन कुठून आणायचं, याचा विचार तिच्या बापाला, महिपतीला, करावाच लागला नाही. त्यांच्या गावात, बेडशात, मारुतीपुढे तीस किलोचा काळा गोटा होता. तरणेपणी त्याने तो खांद्यावर घेतला होता आणि ही गोष्ट गावाला कधी विसरू दिली नव्हती. हनुमान जयंतीला गोटा उचलायचा आणि तिथंच ठेवायचा, ओट्याखाली न्यायचा नाही, अशी रीत होती. महिपतीने तो गाडीवर घालून सरळ शेतात आणला.

"जिमबिम कशाला? ह्याच्यावर तुजा बाप घडलाय!"

काढणीनंतर भाताचं रान वाळून टणक झालं होतं. गोटा छातीशी कवटाळून माधवी एक पाय लांब टाकी, मागचा गुडघा जमिनीला टेकवी, मांड्या थरथरत असतानाच वर येई. पहिल्या सकाळी पाच पावलांत ती रडकुंडीला आली. आठव्या दिवशी तिने या बांधापासून त्या बांधापर्यंत रान पार केलं. बाराव्या दिवशी तर लंजेस मारता मारता गप्पाही चालल्या होत्या.

"आबा, हलका झालाय वो ह्यो."

"त्यो न्हाई, तूच दणकट झालीस!"

तरी खात्रीसाठी महिपतीने गोटा भाताच्या काट्यावर ठेवला. आठ किलो. काटा गंजलाय, असं म्हणून त्याने काट्यालाच लाथ घातली.

मग रानात तिच्या पावलांचे ठसे दिसू लागले, त्या टणक जमिनीत बोटभर खोल. महिपती शेजारपाजारच्यांना बोलावून बोलावून ते दाखवू लागला.

शेजारची सरूबाई वाकून बघत राहिली. "महिपती, गोटा जागंवर नेऊन ठीव."

"जळतीस व्हय माज्या पोरीवर?" तो हसला.

चाचणीच्या दिवशी भर दुपारी सहा पोरींनी माधवीचे दोन्ही पाय धरले. ती पडली नाही. सहाही जणींना ओढत, सावकाश चालत तिने मधली रेघ ओलांडली. यादीत पहिलं नाव तिचं लागलं. महिपतीचे डोळे भरून आले. एवढा अभिमान त्याला स्वतःच्या तरणेपणीच्या कुस्तीचाही कधी वाटला नव्हता.

जिंकलेल्या पैलवानासारखं पोरीला खांद्यावर घ्यायला तो धावला. खाली बसून त्याने तिच्या गुडघ्यांना मिठी घातली आणि जोर केला.

माधवी हलली नाही.

"म्हातारा झालास दादा," म्हणत त्याचा भाऊ नथू पुढे आला. मग आणखी दोघे आले. लोक हसत होते. जरा वेळाने हसायचे थांबले.

महिपतीच्या हातात तिची पोटरी होती. डोक्यावर ऊन होतं, पोर नुकती खेळून आलेली. पोटरी गार होती. घामाचा थेंब नव्हता.

"उचला की, आबा," लोकांकडे बघून हसत माधवी हळूच म्हणाली. "मला हलता येत न्हाई."