चुकार ठोका

स्वारगेटला बसची वाट बघत असताना माझं हृदय पळत सुटलं. परतीचा पाऊस नुकताच ओसरला होता, ओल्या रस्त्यावर दिव्यांचे पिवळे ओघळ पसरले होते… आणि मी बाकावर छाती धरून बसले होते.

तोंडाला एकदम गार काही लावलं तर ते पळणं कधीकधी थांबतं, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. शेजारी एक तरुण थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन बसला होता. झाकणाच्या फटीतून गारवा बाहेर येत होता.

"बर्फ आहे का?" मी कसंबसं विचारलं.

"हाय की. पण—"

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. झाकण उघडलं, श्वास रोखला आणि तोंड आत घातलं. गालांना गारठा झोंबला. छातीत एक मोठा ठोका पडला, मग क्षणभर पोकळी… आणि सगळं शांत झालं.

मी मान वर केली. तो माझ्या नाकाकडे बघत होता.

"सीताफळाचं आईस्क्रीम हाय ते, मॅडम. आमच्याकडं चमचे पण असतात."

मी हसले. मग आपण हसतोय याचंच मला नवल वाटलं. एरवी हे झालं की मी रडवेली होते.

त्याला सांगावंसं वाटलं. माझ्या हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट आहे. ठोका चुकून त्या वाटेला लागला की गोलगोल धावत सुटतो.

"चुकार हाय म्हणायचा," तो म्हणाला. "परत येतो ना पण?"

"आतापर्यंत तरी आलाय."

"मग बरंय."

माझ्या आजारावर 'मग बरंय' म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता.

त्याचं नाव ज्ञानदेव. वडाचीवाडीचा. वडील दत्तोबा सीताफळाची बाग राखतात, हा घरी आईस्क्रीम बनवून पेठांतल्या दुकानांत पोचवतो. आणि मी तनुजा, नारायण पेठेतली, शाळेत भूगोल शिकवणारी. नारायण पेठेत त्याचं आईस्क्रीम घेणारं एकच दुकान होतं. तरी हळूहळू त्याच्या तिथल्या खेपा वाढत गेल्या.

"एवढं आईस्क्रीम खपतं आमच्या पेठेत?" मी विचारलं.

"खपत नाही. म्हणून तर परत परत यावं लागतं."

संध्याकाळी आम्ही कसबा पेठेतल्या बोळांतून पायी हिंडायचो. तो गर्दीच्या बाजूनं चालायचा, माझी चाल मंदावली की आपोआप मंदावायचा, त्याबद्दल चकार शब्द न काढता. कधी हाताला हात लागायचा, आणि दोघंही उगाच दुकानांच्या पाट्या वाचत राहायचो…

डॉक्टरांनी माझ्यापुढे तीन मार्ग ठेवले होते. जिवाला धोका नाही, तेव्हा आहे तसं जगायचं. किंवा रोज गोळ्या घ्यायच्या. त्या मी घेऊन पाहिल्या होत्या, दिवसभर अंगात शिसं भरल्यासारखं व्हायचं. किंवा मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेऊन ती जादा वाट जाळून टाकायची. बहुतेकांचा त्रास कायमचा जातो. क्वचित एखाद्याच्या मूळ वाटेलाच इजा होते आणि पेसमेकर बसवावा लागतो.

त्या 'क्वचित'पाशी मी अडले होते.

आई मात्र अडली नव्हती. "स्थळं यायच्या आत उरकून घे. सांगायला नको आणि लपवायला नको."

एकदा ओंकारेश्वराजवळ, नदीकाठी बसलो असताना मी ज्ञानदेवला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"करून घ्या. मोबाईलवर सगळं वाचून काढलंय मी. तुमचा फोन उचलायला उशीर झाला की… मला भीती वाटती."

ते ऐकून मी विरघळायला हवं होतं. पण मला राग आला.

"आईला स्थळांसाठी हवंय, तुम्हाला तुमच्या भीतीसाठी. हृदय माझं आहे, ज्ञानदेव."

तो हळूच म्हणाला, "खरं हाय. ठरलं की सांगा. तवर मी मधी येत नाही."

आणि तो खरंच आला नाही. दुकानात खोका दुसराच कुणीतरी आणून द्यायचा. संध्याकाळी मी खिडकीत उभी राहायचे… आणि वाट बघत नाहीये, असं स्वतःलाच सांगायचे.

थंडीत शाळेची सहल सिंहगडावर गेली. मी नेहमीप्रमाणे पायथ्याशी, बसमध्ये. मुली धुक्यात दिसेनाशा झाल्या, वरून त्यांचं हसणं तेवढं येत राहिलं. गडावरून दऱ्या कशा उलगडतात हे वर्गात मी किती रंगवून सांगते, आणि स्वतः मात्र खाली बसून राहते. तेव्हा कळलं, मी ठोक्यांना कंटाळलेच नव्हते. ठोका चुकेल म्हणून सोडून दिलेल्या जागांना कंटाळले होते.

त्या संध्याकाळी मी फोन केला.

"ठरलंय. करून घेतेय. तुमच्यासाठी नाही."

"बरं. मी येऊ?"

"सल्ला द्यायला?"

"बाहेर बसायला."

"ये," मी म्हणाले. 'या' म्हणायचं होतं… पण 'ये' आलं.

तारा आत असताना मी अर्धवट जागी होते. त्यांनी मुद्दाम ते पळणं सुरू केलं, वाट शोधली, जाळली. छातीत किंचित ऊब जाणवली, बस.

खोलीत आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मूळ वाट शाबूत आहे." पाय सरळ ठेवून काही तास पडून राहायचं होतं. खुर्चीत आई होती. दाराशी, इस्त्रीचा शर्ट पार चुरगळलेला, ज्ञानदेव.

"हे गृहस्थ सकाळपासून बाहेर बसलेत," आई म्हणाली. "आपण कोण, विचारलं, तर म्हणतात, ते तनुजाला विचारा. तर विचारतेय."

त्यानं मान खाली घातली. कान लाल झाले होते.

"आई, हा ज्ञानदेव. याच्याशी लग्न करायचंय मला." मी थांबले. "त्याला अजून विचारलेलं नाही."

आईनं त्याला नीट न्याहाळलं, मग पर्स उचलली.

"खाली चहा बरा मिळतो का, बघून येते. उत्तर द्यायला तेवढा वेळ पुरेल ना तुम्हाला?"

दार लोटलं गेलं. मला उठायची परवानगी नव्हती… म्हणून तो खाली वाकला.