इन्शिराहची पाठ

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. माझी धाकटी बहीण इन्शिराह टेबलावर पालथी पडून त्यावर भलतीच खूश होती.

"वाफेचं हम्मामच की गं हे! माझी चरबी एकदाची कुणाच्या तरी कामाला आली."

"हलू नकोस, म्हशी. साचा तडकेल."

मला बायकांच्या मांसल पाठींचं शिल्प करायचं होतं. मांसाचं लवलवणं दगडात उतरत नाही, म्हणून मी लॅटेक्सच्या, पातळ रबराच्या, नादी लागले होते. इन्शिराहच्या डाव्या खांद्याखाली ऑलिव्हएवढी गाठ होती. रविवारी डॉक्टर ती काढून तपासायला पाठवणार होते. आमची आई अशाच गाठीने गेली. त्याबद्दल आम्ही दोघीही अवाक्षर काढत नव्हतो.

साच्यात त्या गाठीचा खळगा उमटला. मला तो बघवेना. मी तो प्लास्टरने बुजवला, घासून सपाट केला आणि आत लॅटेक्सचे थर दिले. अलेक्झांड्रियाची हवा दमट, ते वाळता वाळेना. शेवटी शनिवारी पावडर मारत मी ते कातडं सोललं.

गाठ होती.

हवेचा बुडबुडा असेल म्हणून दाबून पाहिली. आत टणक लागलं. साच्यावरून बोट फिरवलं. तो गुळगुळीत होता.

रविवारी डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा चाचपलं, सोनोग्राफी केली.

"काय काढू, बाई? इथे काहीच नाहीये."

इन्शिराहने दवाखान्यातच लग्नघरात बायका काढतात तशी किलकारी ठोकली. नर्स दटावत होती आणि हसतही होती. मी जिन्यात बसून ढसाढसा रडले. आई गेल्यापासून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

रव्याच्या बसबूसा मिठाईचा पुडा घेऊन आम्ही माझ्या कारखान्यात आलो. इन्शिराह खिडकीत बसून समुद्राकडे बघत खात होती, पाठ माझ्याकडे. टेबलावर रबराचं कातडं पडलं होतं. ती गाठ आता डोळ्यांसमोर नको, म्हणून मी ती कापायला घेतली.

पातं टेकवलं.

"आई गं!" इन्शिराह म्हणाली. "हळू ना."

ती वळलीसुद्धा नव्हती. हात मागे नेऊन तिने खांद्याखाली चोळलं आणि पुढचा तुकडा तोंडात टाकला.

मी पातं खाली ठेवलं. कातड्यावर पावडर भुरभुरली, ते मऊ चादरीत गुंडाळलं आणि कपाटात आत सरकवलं. रबर उन्हाने तडकतं.