पॅनेल म्हणालं, झालं

जुन्या विद्यार्थ्याचं ते पत्र दीड महिना मामांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. उत्तराचे चार खर्डे झाले आणि चारही फाडले गेले. तीस वर्षं वायरलेसचा वर्ग घेतलेला माणूस एका ओळीच्या प्रश्नापुढे अडला होता.

‘सर, टेकडीवरच्या टॉवरखालच्या खोलीत साहेबांनी नवा कंट्रोल बॉक्स बसवलाय. शहरातल्या पॅनेलवर बटण दाबलं की “झालं” असं उमटतं. पण ते खरंच झालं का, हे कसं ओळखायचं? साहेबांना विचारलं, तर चिडले.’

आज त्याच विद्यार्थ्याची बायको भाचीच्या कचेरीत बसली होती. भाची खाजगी तपासाची कामं घ्यायची आणि मामा तिच्या फायली लावायचे.

“ह्यांना कामावरून काढलंय,” बायको म्हणाली. “म्हणे, ड्यूटीवर झोपले आणि वर कांगावा करतात. सात तास त्या पत्र्याच्या खोलीत कोंडले होते हो! उष्माघाताने मरता मरता वाचले.”

“दार बंद होतं?” भाचीने विचारलं.

“हे म्हणतात, हलत नव्हतं. पण सातला माझा भाऊ वर गेला, तर नुसत्या धक्क्याने उघडलं. आता कोण विश्वास ठेवणार?”

दवाखान्यात विद्यार्थ्याचे ओठ अजून सुकलेले होते.

“दहाला पोचलो. फोन करून दार उघडायला सांगितलं. आत शिरतोय तोच पंखा थांबला. एरवी दहा मिनिटांचं काम असतं, पण त्या दिवशी बॅटऱ्या बदलायच्या होत्या. दुपारी निघायला गेलो, तर दार हलेना.”

“आतली मूठ?” भाचीने विचारलं.

“तुटलेली. दोनदा लेखी कळवलं होतं. आणि आत मोबाइलला रेंज नाही. डोक्यावर एवढा टॉवर, आणि...” तो हसायला गेला आणि त्याला ठसका लागला. मग मामांकडे वळून म्हणाला, “सर, माझं पत्र मिळालं होतं?”

“हो,” मामा म्हणाले. “लिहितोय.”

शहरातल्या कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरबाईंनी नोंदी पुढे सरकवल्या. “दार मी दहाला उघडलं. त्यानंतर बंदची कमांड दिलेलीच नाही, बघा. खोली पस्तीसच्या वर गेली की पंखा लावायचा, असा नियम आहे. साडेअकराला लावला. पॅनेल म्हणालं, झालं.”

“आणि तापमान?”

“अडतीस... एकेचाळीस... चव्वेचाळीस.” बाईंचं बोट थबकलं. “मला वाटलं, ऊन फार आहे. म्हणून पुन्हा पुन्हा लावला.”

“बंद कधी केला?”

“पावणेसातला. खोली निवल्यावर.”

साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही. “बॉक्स मी बसवला, प्रत्येक बटण मी तपासलं. कागदावर सही आहे माझी. तो आतून दार अडकवून झोपला असणार.”

“टॉवरवर उभं राहून तपासलंत?”

“मग काय स्वप्नात?”

टेकडीच्या पायथ्याशी रोपवाटिका होती. तिथली बाई कुंड्यांत माती भरत होती. पंख्याचं नाव काढताच तिने खुरपं आपटलं.

“कान किटलेत माझे! रात्रंदिवस घोंगावतो मेला. पहाटे गारठ्यातसुद्धा! त्या मोटरसायकलवाल्याची गाडी वर गेली की तेवढाच गप्प.”

“कधीपासून?”

“झाला की दीड महिना.”

परतताना भाची शीळ घालत होती. मामा कुरकुरले, “मला काही कळलेलं नाही.”

“कळलंय, मामा. फक्त तुझा तुझ्यावर विश्वास नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्य कचेरीतला अधिकारी त्या प्रकारानंतर खोलीला लावलेलं सील काढायला आला. साहेबही आले. ऑपरेटरबाईंना फोन झाला आणि खोलीतली घरघर थांबली. चौघे आत शिरले. भाचीने दार ओढून घेतलं.

पत्रा तापलेला. बॅटऱ्यांचा आंबूस वास. मामांना भिंती अंगावर आल्यासारख्या वाटल्या. चौघं असून मिनिटभरात ही गत, मग सात तास एकट्याची काय झाली असेल? त्यांनी कॉलर सैल केली.

“चार वाजले,” भाची म्हणाली.

खट्!

मामांनी दार ढकललं. ते जागचं हललं नाही. पंख्याची पातीही हलली नव्हती.

साहेबांनी मोबाइल काढला. रेंज नव्हती, तरी ते त्यात ओरडले, “पंखा बंद कर! अगं, पंखा बंद कर!”

अधिकाऱ्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“साहेब,” अधिकारी हळूच म्हणाला, “कोंडलेला माणूस दार उघडा म्हणतो. तुम्ही पंखा का म्हणालात? आणि पंखा तर बंदच आहे!”

साहेबांनी कपाळ पुसलं.

“कारण दाराची तार पंख्याच्या जागी आहे आणि पंख्याची दाराच्या,” भाची म्हणाली. “तो जाताना बाईंनी दार बंद केलं की पंखा सुरू व्हायचा, म्हणून तो रात्रंदिवस घोंगावायचा. दार उघडलं की तो थांबायचा. पंखा अखंड चालू, त्यामुळे खोली तापायची नाही, पंख्याचं बटण दाबावं लागायचं नाही, अडसर कधी पडायचाच नाही आणि चूक लपून राहायची. त्या दिवशी काम लांबलं, खोली तापली. बाईंनी पंखा लावला आणि अडसर पडला. त्याला गारवा मिळावा म्हणून त्या बटण दाबत होत्या, आणि तेच बटण त्याला कोंडून ठेवत होतं. पावणेसातला पंखा बंद केला, अडसर सरकला. तोवर तो बेशुद्ध. म्हणून सातला धक्क्याने दार उघडलं. साहेब, तारा जोडून तुम्ही शहरात परतलात आणि तिथेच बसून बटणं दाबलीत. पॅनेल म्हणालं, झालं. तुम्ही सही केलीत.”

“तो झोपला नव्हता, याला पुरावा काय?” साहेबांचा आवाज चिरकला. “हे सगळं त्याने नंतर रचलं असेल!”

मामांचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. पत्र दाखवायचं म्हणजे आपली लाजही दाखवायची. घाम मानेवरून उतरत होता.

“नंतर नाही,” ते म्हणाले. “दीड महिन्यापूर्वीच त्याने शंका काढली होती. तुम्हालाही विचारलं होतं. हे पत्र. पाकिटावर तारखेचा शिक्का आहे. मी... मी उत्तर दिलं नाही.”

अधिकाऱ्याने पत्र दोनदा वाचलं. “उद्यापासून तो कामावर. बरा होईपर्यंत पगारी रजा. साहेब, तुम्ही मात्र माझ्याबरोबर चला.”

चार वाजून दहा मिनिटं. ठरल्याप्रमाणे बाईंनी चारला लावलेला पंखा बंद केला. खट्. दार उघडलं.

“मला आधी सांगायचंस ना, दहाच मिनिटं आहेत म्हणून!” मामा बाहेर येत म्हणाले.

“सांगितलं असतं, तर तू पत्र काढलं असतंस?”

घरी मामांनी पाचवा खर्डा लिहिला. तो फाडला नाही. ‘ओळखायची एकच रीत आहे. उठून जायचं आणि पाहायचं. हे मला तुला लगेच कळवायला हवं होतं. मला क्षमा कर.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सोडलं. मग आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून ते वाकले, फटीला कान लावला, आणि पाकीट तळाला पडल्याचा आवाज ऐकल्यावरच सरळ झाले.