मूर्तिजापूर गेलं मागं

फुलवाल्याच्या घरात वाढलेली मुलगी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही. कालच्या शेवंतीवर पाणी मारून ती आजची म्हणून विकणारे मी लहानपणापासून पाहिलेत. म्हणूनच अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत गिटार घेऊन शेजारी बसलेला मुलगा जेव्हा म्हणाला की त्याला झेंडूचा वास फार आवडतो, तेव्हा मी माझी टोपली आणखी जवळ ओढली. झेंडूचा वास कुणाला आवडतो?

अंबादेवीच्या देवळाजवळ आमचं दुकान आहे. अकोल्यातल्या एका मंगल कार्यालयात सजावटीचं काम होतं, म्हणून मी निघाले होते. बडनेरा गेलं, लोणी गेली... तो चोरून बघत होता आणि मी बाहेरच्या तुरीकडे बघतेय असं दाखवत होते. खिडकीच्या काचेत त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसतोय, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. मूर्तिजापूर मागे पडल्यावर त्याने एकदाचं पुन्हा तोंड उघडलं.

"तुमी कोनाशी बोलतच नाही काय?"

"अनोळखी मानसाशी नाही."

"मंग लोकाइची ओळख तरी कशी होते वो?"

मला हसू आलं. चूक तिथेच झाली.

त्याचं नाव सागर. तीन मित्रांबरोबर त्याचा बँड होता. सराव अकोटच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये चालायचा, म्हणून बँडचं नावही 'जिनिंग'च. त्यानंतर तो या ना त्या निमित्ताने अमरावतीला येऊ लागला. दुकानातून हार घ्यायचा, देवळात जायचा, परत येऊन आणखी एक हार घ्यायचा. इतकी भक्ती कधीपासून, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "देवीवर संशय घेऊ नका." मी देवीवर घेतच नव्हते.

पावसाळा संपता संपता त्यांचा अल्बम आला. त्यातली बाकीची गाणी आली तशी गेली, पण एक गाणं राहिलं. 'मूर्तिजापूर गेलं मागं, बोल ना आता तरी...' गाणं नवं, पण थाट सगळा जुना. सुरुवातीला कॅसेटची खरखर, मग घुमणारी गिटार, ऑर्गन, ढोबळ ड्रम आणि मागे 'ला ला ला' करणाऱ्या मुली. सागरने ते मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "तुह्यावर लिवलं, पौर्णिमा. खरंच." हार ओवता ओवता मी ते ऐकलं आणि माझे कान तापले. सुई बोटात गेली तरी कळलं नाही.

गाणं चाललं. ऑटोत वाजलं, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजलं, पोरापोरींनी त्यावर रील केले. आणि मग भलतंच सुरू झालं. लोकांना ते गाणं आठवायला लागलं.

कोणी गाण्याखाली लिहिलं, हे तर आमच्या मामाच्या लग्नात वाजलं होतं. कोणी म्हणालं, रेडिओवर दुपारी लागायचं. एका निवृत्त मास्तरांनी मूळ गाणं याहून गोड होतं, असाही निकाल दिला. बघता बघता सगळे विचारू लागले, की पोरांनी हे चोरलं कुठून?

एक दिवस दुकानात ते माझ्या मोबाईलवर वाजत होतं. बाबांनी गुलाबाच्या काड्या छाटायच्या थांबवल्या.

"हे तं माह्या लग्नातलं गानं आहे," ते म्हणाले. "बँडवाल्यानं वाजवलं होतं. मी घोड्यावर होतो."

माझे बाबा, खुशालराव, कधी खोटं बोलत नाहीत. माझ्यावर लिहिलेलं गाणं माझ्या जन्माआधी कसं वाजलं?

मी सागरला फोन केला. तो आधी हसला, मग चिडला, मग गप्प झाला. त्या गप्प बसण्यानेच माझा जीव गेला. गाणं उचललेलं असेल, तर "तुह्यावर लिवलं" हेही उचललेलं. झेंडूचा वासही उचललेला. अकोल्यात, अकोटमध्ये, चिखलदऱ्याच्या बसमध्ये आणखी किती पौर्णिमा असतील, कुणाला ठाऊक. मी त्याला सांगितलं, बाबांसमोर येऊन खरं काय ते सांग, नाहीतर पुन्हा दुकानाची पायरी चढू नकोस. आणि मग रात्रभर मलाच भीती वाटत राहिली, की तो आलाच नाही तर? माझं त्याच्यावर प्रेम होतं. त्या संशयाच्या चिखलात तेवढं एकच मला नक्की माहीत होतं.

तो आला. केस विस्कटलेले, गिटार नाही. बाबांनी त्याला स्टुलावर बसवलं. ते बँडबद्दल, घोड्याबद्दल, नाचणाऱ्या दोस्तांबद्दल सांगत राहिले. सागर खाली मान घालून ऐकत राहिला.

"असन काका," तो शेवटी म्हणाला. "म्या लिवलं, तई ते नवंच वाटलं होतं. पन आता एवढे लोक म्हनून राहिले, तं मलेच खात्री नाही. लहानपनी कुठी ऐकलं असन..."

मला त्याचा असा राग आला! चोर असता तर भांडला असता. हा तर स्वतःचं गाणं देऊन मोकळा होत होता.

आई, मैनाबाई, इतका वेळ कोपऱ्यात वेणी गुंफत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "आपल्या लग्नात बँड कुठी होता वो?"

बाबांनी हातातली कात्री उगाच उघडली, मिटली.

"त्याच महिन्यात तुमचे आजोबा गेले होते," आई म्हणाली. "ना बँड, ना घोडा. पन्नास मानसात अक्षता पडल्या आन् जीपमधी बसवून आनलं तुमी मले."

"मंग म्या ऐकलं कुठी?"

"वाजाले पाह्यजे होतं, असं वाटलं असन तुमाले." आईने वेणीत आणखी एक फूल ओवलं. "मलेबी वाटे."

बाबांनी कात्री खाली ठेवली. मग त्यांनी सागरकडे वळून विचारलं, "मंग तू हे उचललं कोनापासून?"

सागरने माझ्याकडे पाहिलं. लोकांच्या आठवणीही बाबांच्या आठवणीसारख्याच होत्या, गाणं त्याचंच होतं; पण खरं बोलला तर माझं नाव सगळ्या बाजारासमोर येणार होतं. त्याने ओठ मिटून घेतले. चोर ठरायला तयार होता, पण माझं नाव घ्यायला नाही... आणि इतक्या दिवसांचा माझा संशय तिथेच विरघळला.

"माह्यापासून, बाबा," मी म्हणाले. "ते माह्यावर लिवलं त्यानं."

आईची वेणी थांबली. समोरचा नारळवालाही थांबला. बाबांनी आधी मला पाहिलं, मग सागरला, मग आईला. मोबाईल उचलून त्यांनी स्वतःच गाणं लावलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"वरातीत वाजवता येईन काय हे?" त्यांनी विचारलं.

"येईन ना, काका," सागर म्हणाला. "पन गिटार वाजवाले दुसरा मानूस पाहा लागन."

आई हसली. घोड्यावर कोण असणार, हे समजायला बाबांना जरा वेळ लागला.